आल्टा ते फोसेन : नवीकरणीय ऊर्जा, हवामान धोरण आणि सामी समाजाचे भूमिहक्क (१९६८–२०२४)

१. प्रस्तावना

कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायू यांच्या ज्वलनामुळे पृथ्वीचे तापमान वाढत आहे, ही बाब आता सर्वमान्य झाली आहे. या संकटावरील उपाय म्हणून जल, पवन व सौर ऊर्जेकडे जगातील बहुतेक शासने वळली आहेत. या ऊर्जास्रोतांना 'स्वच्छ', 'हरित' किंवा 'नवीकरणीय' अशी विशेषणे लावली जातात. इंधनाच्या दृष्टीने ही विशेषणे यथार्थ आहेत. परंतु वीज निर्माण करण्यासाठी केवळ इंधन लागत नाही, जमीनही लागते. धरणाला दरी लागते, पवनचक्कीला वाऱ्याची पठारे लागतात, वाहिन्यांना व रस्त्यांना डोंगरउतार लागतात. असे प्रदेश बहुधा विरळ वस्तीचे असतात आणि शासकीय दप्तरात त्यांची नोंद पडीक किंवा सरकारी जमीन अशी असते. त्याच प्रदेशांत अनेक मूलनिवासी समाज शतकानुशतके आपली उपजीविका करीत आले आहेत.

हवामान धोरण आणि मूलनिवासी समाजांचे हक्क यांतील हा संघर्ष समजून घेण्यासाठी उत्तर युरोपातील सामी समाजाचा इतिहास विशेष उपयुक्त ठरतो. नॉर्वे हे लोकशाही परंपरा असलेले, संपन्न आणि मानवी हक्कांच्या क्षेत्रात अग्रेसर मानले जाणारे राष्ट्र आहे. गरिबी, निरक्षरता किंवा दुर्बल न्यायव्यवस्था ही कारणे तेथे पुढे करता येत नाहीत. अशा राष्ट्रात आल्टा नदीवरील जलविद्युत प्रकल्प (१९६८–१९८७) आणि फोसेन द्वीपकल्पावरील पवनऊर्जा प्रकल्प (२०१०–२०२४) या दोन प्रकरणांत एकाच समाजाला, एकाच स्वरूपाच्या प्रश्नासाठी, दोनदा न्यायालयाची पायरी चढावी लागली. दोन्ही वेळा आंतरराष्ट्रीय कराराचे एकच कलम न्यायालयापुढे होते. निकाल मात्र परस्परविरुद्ध लागले. या दोन निकालांमधील चार दशकांत काय बदलले आणि काय बदलले नाही, याचा ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीने शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

२. ऐतिहासिक पार्श्वभूमी

सामी हा नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचे कोला द्वीपकल्प या चार राष्ट्रांच्या भूभागांत विभागलेला मूलनिवासी समाज आहे. मासेमारी, शिकार, अल्प प्रमाणात शेती व रेनडिअरपालन हे त्यांचे पारंपरिक व्यवसाय होत. सर्वच सामी रेनडिअर पाळत नाहीत. पाळणाऱ्यांची संख्या एकूण समाजाच्या मानाने लहान आहे. तथापि भाषा, वेशभूषा, नातेसंबंध व ऋतुचक्राचे ज्ञान हे सर्व या व्यवसायाशी इतके निगडित आहे की त्याला सामी संस्कृतीचा कणा मानले जाते. रेनडिअरचे कळप ऋतूनुसार एका कुरणातून दुसऱ्या कुरणात नेले जातात. हिवाळ्यात बर्फाखालील शैवाक, म्हणजे दगडफुलाच्या जातीची वाढ, हे त्यांचे प्रमुख खाद्य असते. उन्हाळी कुरण विस्तृत असले तरी हिवाळी कुरण अपुरे असेल तर कळप टिकत नाही. या व्यवसायाचे संघटन 'सीदा' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कुटुंबसमूहांमार्फत होते.

सामींच्या स्थलांतराला जुन्या काळी कायदेशीर मान्यता होती. १७५१ मध्ये डेन्मार्क-नॉर्वे व स्वीडन यांच्यात सीमा निश्चित झाली, तेव्हा सीमाकराराला जोडलेल्या परिशिष्टाने सामींना कळपांसह सीमा ओलांडण्याचा हक्क मान्य केला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मात्र राष्ट्रवादाच्या प्रभावाखाली नॉर्वेच्या शासनाने 'नॉर्वेजियनीकरणा'चे धोरण अवलंबिले. १८९८ च्या आदेशाने शाळांतील सामी भाषेचा वापर अत्यंत मर्यादित करण्यात आला. १९०२ च्या कायद्यान्वये उत्तरेकडील फिनमार्क प्रांतात सरकारी जमीन विकत घेण्यासाठी नॉर्वेजियन भाषेचे ज्ञान ही अट ठरली. भाषा आणि जमीन या दोहोंवरील आक्रमण एकाच धोरणाची दोन अंगे होती, हे येथे लक्षात घेणे आवश्यक आहे.

या धोरणाला संघटित उत्तर देण्याचा प्रयत्न ६ फेब्रुवारी १९१७ रोजी ट्रोनहाइम येथे भरलेल्या पहिल्या सामी परिषदेत झाला. एल्सा लाउला रेनबर्ग या दक्षिण सामी महिलेच्या पुढाकाराने ही परिषद भरली आणि रेनडिअरपालनाचा हक्क हा तिच्या चर्चेतील प्रमुख विषय होता. पुढे ज्या फोसेन द्वीपकल्पावर पवनचक्क्यांचा वाद उद्भवला, ते याच ट्रोनहाइम शहरासमोर, खाडीपलीकडे आहे. सहा फेब्रुवारी हा दिवस आज सामींचा राष्ट्रीय दिन म्हणून साजरा होतो.

३. आल्टा प्रकल्प : विरोध आणि पराभव

दुसऱ्या महायुद्धानंतर नॉर्वेने जलविद्युत निर्मितीचा वेगाने विस्तार केला. त्या देशातील जवळजवळ सर्व वीज पाण्यापासून निर्माण होत असे आणि आजही तिचा सर्वांत मोठा हिस्सा जलविद्युतचाच आहे. १९६८ मध्ये आल्टा–काउटोकेनो नदीवरील प्रकल्पाची योजना पुढे आली. मूळ आराखड्यानुसार मासी हे सामी गाव पाण्याखाली जाणार होते. गावकऱ्यांच्या विरोधानंतर १९७३ मध्ये मासीला बुडितातून वगळण्यात आले आणि योजना लहान करण्यात आली. तथापि लहान केलेल्या योजनेतही रेनडिअरच्या कुरणांचा व स्थलांतराच्या वाटांचा प्रश्न शिल्लक राहिला. ३० नोव्हेंबर १९७८ रोजी नॉर्वेच्या संसदेने प्रकल्पास मंजुरी दिली.

यानंतरचा संघर्ष दोन प्रवाहांनी घडला. एक प्रवाह नदी व निसर्ग यांच्या संरक्षणासाठी एकत्र आलेल्या नॉर्वेजियन नागरिकांचा होता, तर दुसरा जमिनीवरील हक्काचा प्रश्न विचारणाऱ्या सामींचा. ऑक्टोबर १९७९ मध्ये सामी तरुणांनी ऑस्लो येथे संसदेसमोर पारंपरिक तंबू उभारून उपोषण केले. शासनाने काम तात्पुरते थांबविले. परंतु १४ जानेवारी १९८१ रोजी सुमारे ६०० पोलिसांनी स्टिला येथे बर्फात साखळ्यांनी स्वतःला बांधून घेतलेल्या आंदोलकांना हटविले आणि काम पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत ग्रो हार्लेम ब्रुंटलँड पंतप्रधानपदी आल्या. त्यांच्या कार्यालयात भेटीसाठी गेलेल्या १४ सामी महिलांनी तेथून उठण्यास नकार दिला आणि अखेर पोलिसांनी त्यांना बाहेर काढले.

न्यायालयीन लढाईचा निकाल फेब्रुवारी १९८२ मध्ये लागला. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने पूर्णपीठापुढे सुनावणी घेऊन संसदेचा निर्णय वैध ठरविला. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातील कलम २७ न्यायालयापुढे मांडण्यात आले होते. वांशिक, धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या समूहासह आपली संस्कृती जोपासण्याचा हक्क नाकारता येणार नाही, असे हे कलम सांगते. नॉर्वेने हा करार १९७२ मध्ये मान्य केला होता. परंतु प्रकल्पामुळे रेनडिअरपालनास होणारी हानी या कलमाचा भंग ठरण्याइतकी गंभीर नाही, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. १९८७ मध्ये १५० मेगावॉट क्षमतेचे विद्युतगृह कार्यान्वित झाले.

४. पराभवातून मिळालेले हक्क

आल्टाची लढाई हरली, तरी तिचे राजकीय परिणाम दूरगामी ठरले. आंदोलन सुरू असतानाच, १९८० मध्ये, कार्स्टन स्मिथ या विधिज्ञांच्या अध्यक्षतेखाली सामी हक्क समिती नेमण्यात आली. तिच्या शिफारशींवरून १९८७ मध्ये सामी कायदा संमत झाला. १९८८ मध्ये सामी भाषा, संस्कृती व समाजजीवन यांच्या विकासास पोषक परिस्थिती निर्माण करणे ही राज्याची जबाबदारी असल्याचे कलम राज्यघटनेत समाविष्ट झाले. ९ ऑक्टोबर १९८९ रोजी राजे ओलाव पाचवे यांच्या हस्ते नॉर्वेतील सामी संसदेचे उद्घाटन झाले. जून १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा मूलनिवासी व आदिवासी जनसमूहांविषयीचा करार क्रमांक १६९ मान्य करणारे नॉर्वे हे जगातील पहिले राष्ट्र ठरले. १९९७ मध्ये राजे हाराल्ड पाचवे यांनी सामी संसदेत नॉर्वेजियनीकरणाबद्दल क्षमा मागितली. १९९९ च्या मानवी हक्क कायद्याने कलम २७ सह संपूर्ण नागरी व राजकीय हक्क करार देशांतर्गत कायद्याचा भाग बनला. शिवाय इतर कायद्यांशी विसंगती आल्यास त्याला प्राधान्य मिळाले. २००५ मध्ये फिनमार्क कायदा संमत झाला आणि सामींशी सल्लामसलत करण्याची कार्यपद्धतीही निश्चित झाली.

वरील घटनाक्रम पाहता नॉर्वेने आल्टापासून धडा घेतला, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. अभ्यासकांच्या लेखनातही आल्टा हे बहुधा 'हरूनही जिंकलेले' आंदोलन म्हणून वर्णिले जाते. फोसेन प्रकरणाने या निष्कर्षाची मर्यादा उघड केली.

५. जागतिक हवामान धोरण आणि मूलनिवासी

याच काळात पर्यावरणाचा विचार आंतरराष्ट्रीय राजकारणाच्या केंद्रस्थानी आला. ज्या ब्रुंटलँड यांच्या कार्यालयात सामी महिलांनी ठाण मांडले होते, त्यांच्याच अध्यक्षतेखालील जागतिक आयोगाने १९८७ मध्ये, म्हणजे आल्टाचे विद्युतगृह पूर्ण झाले त्याच वर्षी, 'आपले सामाईक भवितव्य' या आशयाच्या शीर्षकाचा अहवाल सादर केला. 'शाश्वत विकास' ही संज्ञा या अहवालामुळे जगभर रूढ झाली. मूलनिवासी समाजांच्या पारंपरिक भूमिहक्कांना मान्यता मिळावी आणि त्यांच्या प्रदेशातील साधनसंपत्तीविषयीच्या निर्णयांत त्यांना निर्णायक स्थान असावे, अशी भूमिकाही या अहवालात घेतलेली आढळते.

परंतु हवामानविषयक करारांत हा विचार फार उशिरा व अंशतः उतरला. १९९२ च्या हवामान बदलविषयक आराखडा करारात मूलनिवासींचा उल्लेख नाही. १९९७ च्या क्योटो करारातही तो नाही. १३ सप्टेंबर २००७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४४ विरुद्ध ४ मतांनी मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा संमत केला. २०१५ च्या पॅरिस कराराच्या उद्देशिकेत मूलनिवासींच्या हक्कांचा उल्लेख आला. कराराच्या सातव्या कलमात हवामान बदलाशी जुळवून घेण्याच्या संदर्भात त्यांच्या ज्ञानाला स्थान मिळाले. मात्र उत्सर्जन कमी करण्याविषयीच्या चौथ्या कलमात, ज्याच्या अंमलबजावणीसाठी धरणे, पवनचक्क्या व सौर उद्याने उभारली जातात, त्यात मूलनिवासींचा उल्लेख नाही. मूलनिवासी हे हवामान बदलाचे बळी म्हणून आणि पारंपरिक ज्ञानाचे धारक म्हणून करारात आले. जमिनीचे हक्कधारक म्हणून ते उद्देशिकेपलीकडे गेले नाहीत. ही त्रुटी केवळ शब्दांची नाही, हे पुढील प्रकरणावरून दिसून येईल.

६. फोसेन : पवनऊर्जेचा विस्तार

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी नॉर्वेच्या ऊर्जा धोरणात पवनऊर्जेला महत्त्व आले. युरोपीय नवीकरणीय ऊर्जा निर्देशांतर्गत नॉर्वेने २०२० पर्यंत एकूण ऊर्जावापरात ६७.५ टक्के वाटा नवीकरणीय ऊर्जेचा असावा, असे उद्दिष्ट स्वीकारले. २०१२ पासून स्वीडनसह संयुक्त हरित प्रमाणपत्रांची बाजारपेठ सुरू झाली आणि पवनऊर्जा उत्पादकांना आर्थिक प्रोत्साहन मिळाले. येथे एक विसंगती नोंदविणे आवश्यक आहे. नॉर्वेची वीज आधीच जलविद्युतवर आधारलेली असल्याने नव्या पवनचक्क्यांमुळे देशातील कोळशाची विद्युतगृहे बंद होणार नव्हती. त्याच वेळी उत्तर समुद्रातील तेल व वायूचे उत्पादन व निर्यात चालूच राहिली.

फोसेन द्वीपकल्पावरील स्टोर्हेया व रोआन येथील पवनऊर्जा प्रकल्पांना २०१० मध्ये परवाना देण्यात आला आणि २०१३ मध्ये मंत्रालयाने अपील फेटाळून तो कायम केला. हा प्रदेश दक्षिण फोसेन व उत्तर फोसेन या दोन सीदांच्या हिवाळी कुरणांचा होता. दक्षिण सामी हा सामींमधीलही लहान गट आहे. त्यांची भाषा बोलणारे थोडे उरले आहेत आणि रेनडिअरपालन हे त्या भाषेच्या वापराचे महत्त्वाचे क्षेत्र आहे. सीदांनी प्रारंभापासून विरोध नोंदविला. तरीही २०१६ मध्ये बांधकामाचा निर्णय झाला. प्रकल्पाच्या कंपनीत नॉर्वे सरकारच्या मालकीच्या स्टाटक्राफ्ट या विद्युत कंपनीचा सर्वाधिक हिस्सा होता आणि परदेशी गुंतवणूकदारही सहभागी होते. डिसेंबर २०१८ मध्ये वांशिक भेदभाव निर्मूलनाविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने स्टोर्हेयाचे काम स्थगित ठेवण्याची विनंती नॉर्वेला केली. शासनाने ती मान्य केली नाही. न्यायालयीन प्रक्रिया चालू असतानाच २०१९ मध्ये रोआन व २०२० मध्ये स्टोर्हेया येथील काम पूर्ण झाले. दोन्ही ठिकाणी मिळून १५१ पवनचक्क्या, त्यांना जोडणारे रस्ते व वीजवाहिन्या उभ्या राहिल्या.

अपील न्यायालयाने २०२० मध्ये हिवाळी कुरणे रेनडिअरपालनासाठी व्यवहारतः नष्ट झाल्याचे मान्य केले. परंतु कुंपणात चारा घालून हिवाळ्यात जनावरे जगविता येतील असे गृहीत धरून त्या खर्चापोटी सुमारे ९ कोटी क्रोनर इतकी भरपाई ठरविली आणि कलम २७ चा भंग झाला नसल्याचा निर्वाळा दिला. या तोडग्यात संस्कृतीचा प्रश्न चाऱ्याच्या खर्चात रूपांतरित झाला होता. मोकळ्या कुरणात कळप सांभाळण्याची विद्या, ऋतूंचे व बर्फाचे ज्ञान, त्यासाठीची भाषा आणि मुलांना मिळणारे शिक्षण यांना गोठ्यातील चारा हा पर्याय होऊ शकत नाही, अशी सीदांची बाजू होती.

७. २०२१ चा निकाल व त्यानंतरचा विलंब

११ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांच्या विस्तारित पीठाने एकमताने निर्णय दिला. रेनडिअरपालन हे कलम २७ अन्वये संरक्षित सांस्कृतिक आचरण आहे. पवनऊर्जा प्रकल्पांमुळे फोसेन येथील सीदांच्या या हक्कावर लक्षणीय विपरीत परिणाम होतो. म्हणून परवाना व भूसंपादन अवैध आहे, असा त्याचा सारांश होता. न्यायालयाने संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीच्या पूर्वनिर्णयांचा आधार घेतला. त्यांत पेरूमधील आयमारा समाजाच्या पशुपालक महिलेने पाण्याच्या वळतीकरणाविरुद्ध दाखल केलेल्या तक्रारीवरील २००९ च्या निर्णयाचाही समावेश होता. चारा पुरवून जनावरे जगविण्याच्या प्रयोगसिद्ध नसलेल्या पर्यायावर विसंबून हक्कभंग झाला नाही असे म्हणता येणार नाही, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

हवामान धोरणाच्या दृष्टीने निकालातील एक भाग विशेष महत्त्वाचा आहे. हरित संक्रमणाचे महत्त्व न्यायालयाने नाकारले नाही. पर्यावरणाचा हक्क आणि अल्पसंख्याकांचा सांस्कृतिक हक्क यांत खरोखरच संघर्ष उद्भवला, तर त्यांचा समतोल पाहावा लागेल, हेही त्याने मान्य केले. परंतु या प्रकरणात सामींच्या दृष्टीने कमी हानिकारक असे अन्य पर्याय उपलब्ध होते. त्यामुळे हवामानाचे कारण पुढे करून हक्कभंगाचे समर्थन करता येत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. म्हणजेच 'हवामान की मूलनिवासी' हा पर्याय ज्या स्वरूपात मांडला जातो, तो बहुधा जागेच्या निवडीचा प्रश्न असतो, हे न्यायालयाने दाखवून दिले.

निकालाने परवाना रद्दबातल ठरविला, परंतु उभ्या असलेल्या पवनचक्क्यांचे काय करावे, हे सांगितले नाही. त्या फिरतच राहिल्या. २३ फेब्रुवारी २०२३ रोजी निकालाला ५०० दिवस पूर्ण झाले, तेव्हा सामी तरुणांनी ऑस्लो येथील ऊर्जा मंत्रालयात ठिय्या दिला. अनेकांनी आपला पारंपरिक पोशाख निषेध म्हणून उलटा परिधान केला होता. स्वीडनमधील हवामान आंदोलनाच्या प्रवर्तक ग्रेटा थुनबर्ग या आंदोलनात सहभागी झाल्या. हवामान चळवळीतील ख्यातनाम व्यक्तीने पवनऊर्जा प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात बसावे, ही बाब अनेकांना बुचकळ्यात टाकणारी वाटली. प्रत्यक्षात तिच्यातून हवामान न्यायाची संकल्पना केवळ उत्सर्जनाच्या आकड्यांपुरती मर्यादित नाही, हेच स्पष्ट झाले. २ मार्च २०२३ रोजी ऊर्जामंत्री तेर्ये आसलंड यांनी मानवी हक्कांचा भंग झाल्याचे मान्य करून क्षमा मागितली.

डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण फोसेन व मार्च २०२४ मध्ये उत्तर फोसेन सीदांशी समझोते झाले. वार्षिक आर्थिक मोबदला आणि फोसेनबाहेर अतिरिक्त हिवाळी कुरण उपलब्ध करून देण्याची तरतूद त्यांत आहे. पवनचक्क्या मात्र काढण्यात आल्या नाहीत. दीर्घ न्यायालयीन लढ्याने थकलेल्या कुटुंबांनी व्यवसाय टिकविण्यासाठी केलेला हा व्यवहार्य स्वीकार होता. त्याला हक्काची पूर्ण पुनर्स्थापना म्हणता येणार नाही. १ जून २०२३ रोजी नॉर्वेजियनीकरणाचा मागोवा घेणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाने आपला अहवाल सादर केला आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी संसदेने औपचारिक क्षमायाचना केली. क्षमायाचनेची परंपरा आणि जमिनीवरील प्रकल्प ही दोन्ही एकाच वेळी पुढे सरकत होती, हे या कालखंडाचे वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

येथे आणखी एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. उत्तर ध्रुवीय प्रदेशाचे तापमान जागतिक सरासरीपेक्षा कितीतरी अधिक वेगाने वाढत आहे. हिवाळ्यात बर्फावर पाऊस पडतो, तो गोठून कठीण थर तयार होतो आणि रेनडिअरना खालील शैवाक उकरून काढता येत नाही. त्यामुळे पर्यायी कुरणांची गरज पूर्वीपेक्षा अधिक भासते. अशा वेळी हवामान बदल एका बाजूने व त्यावरील उपाय दुसऱ्या बाजूने कुरण कमी करतात. सामी नेतृत्वाने या स्थितीला 'हरित वसाहतवाद' असे म्हटले आहे.

८. भारतीय संदर्भ

आल्टाचा संघर्ष चालू होता त्याच सुमारास, डिसेंबर १९७९ मध्ये, नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा जाहीर झाला. सरदार सरोवर प्रकल्पाच्या १४५० मेगावॉट जलविद्युतपैकी २७ टक्के वाटा महाराष्ट्राला मिळाला आणि त्याची किंमत आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ आदिवासी गावांना द्यावी लागली. या प्रकल्पाच्या फेरविचारासाठी जागतिक बँकेने १९९१ मध्ये नेमलेल्या स्वतंत्र समितीत ब्रॅडफर्ड मोर्स यांच्यासमवेत थॉमस बर्जर हे कॅनडाचे विधिज्ञ होते. मॅकेन्झी खोऱ्यातील वायुवाहिनीविषयी १९७७ मध्ये अहवाल देताना, मूलनिवासींचे भूमिहक्क निश्चित होईपर्यंत वाहिनीचे काम दहा वर्षे पुढे ढकलावे, अशी शिफारस त्यांनी केली होती. ध्रुव प्रदेशातील हा अनुभव अशा रीतीने सातपुड्याच्या प्रश्नाशी जोडला गेला. मोर्स समितीच्या १९९२ च्या अहवालानंतर १९९३ मध्ये जागतिक बँकेचे कर्जसाहाय्य संपुष्टात आले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे ८० मीटरच्या आसपास थांबलेले धरण, १८ ऑक्टोबर २००० च्या निकालानंतर टप्प्याटप्प्याने वाढत जाऊन १३८.६८ मीटर उंचीपर्यंत पोहोचले.

मार्च २०१९ मध्ये केंद्र सरकारने मोठ्या जलविद्युत प्रकल्पांनाही नवीकरणीय ऊर्जेचा दर्जा दिला. तत्पूर्वी २५ मेगावॉटपर्यंतचेच जलविद्युत प्रकल्प या वर्गात मोडत. एखाद्या प्रकल्पाचे वर्गीकरण बदलल्याने त्याचे बुडितक्षेत्र बदलत नाही, हे येथे नमूद करणे पुरेसे आहे. भारताने श्रम संघटनेचा जुना करार क्रमांक १०७ हा १९५८ मध्ये मान्य केला, मात्र करार क्रमांक १६९ अद्याप मान्य केलेला नाही. २००७ च्या जाहीरनाम्याच्या बाजूने भारताने मत दिले. परंतु स्वातंत्र्यसमयीची सर्व भारतीय जनता मूलनिवासीच आहे, अशी शासनाची भूमिका आहे. असे असले तरी कलम २७ असलेला नागरी व राजकीय हक्क करार भारताने १९७९ मध्ये स्वीकारलेला आहे. पंचायत विस्तार कायदा (१९९६) व वनहक्क कायदा (२००६) यांनी ग्रामसभेला दिलेले अधिकार लक्षात घेता, फोसेन निकालातील तत्त्वाला आधार देणारी चौकट येथेही अस्तित्वात आहे.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

पहिला, १९८२ व २०२१ या दोन निकालांतील कलम एकच होते. फरक पडला तो त्या कलमाच्या देशांतर्गत स्थानामुळे, मधल्या काळात विकसित झालेल्या आंतरराष्ट्रीय निर्णयांमुळे आणि हानीच्या सिद्ध झालेल्या प्रमाणामुळे. यांपैकी पहिले दोन बदल शासनाने आपणहून केले नाहीत. आल्टाच्या आंदोलनाचा व जगभरातील मूलनिवासींच्या लढ्यांचा त्यांत मोठा वाटा आहे. न्यायालयीन पराभवही इतिहासात निष्फळ ठरतोच असे नाही.

दुसरा, चार दशकांत हक्कांची भाषा बदलली, परंतु प्रकल्पांचा क्रम बदलला नाही. आल्टा येथे अंतिम निकालापूर्वी काम सुरू झाले. फोसेन येथे अंतिम निकालापूर्वी ते पूर्णही झाले. आधी बांधकाम आणि मागाहून न्याय हा क्रम कायम राहिला, तर अनुकूल निकालही भरपाईच्या वाटाघाटीत विरून जातो. हक्काचा निवाडा बांधकामाआधी होणे, हीच संस्कृतिरक्षणाची पहिली अट होय.

तिसरा, ऊर्जेचा स्रोत स्वच्छ असणे आणि ती मिळविण्याची प्रक्रिया न्याय्य असणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत. 'नवीकरणीय' हे विशेषण पाण्याला व वाऱ्याला लागू पडते. हिवाळी कुरणाला, बुडालेल्या गावाला किंवा अखेरच्या काही भाषकांच्या तोंडी उरलेल्या भाषेला ते लागू पडत नाही.

हवामान बदल रोखण्यासाठी ऊर्जेचे परिवर्तन अपरिहार्य आहे, याविषयी दुमत संभवत नाही. सामींनीही ते नाकारलेले नाही. ते परिवर्तन कोणाच्या भूमीवर, कोणाच्या संमतीने आणि कोणत्या पर्यायांचा विचार करून व्हावे, हा प्रश्न मात्र आल्टाच्या काळाइतकाच आजही अनुत्तरित आहे. धोरणकर्त्यांनी त्याचे उत्तर न्यायालयावर सोपविले, तर ते उशिरा मिळते. आणि तोपर्यंत कळपांच्या वाटा बदललेल्या असतात.